कचरा नसलेला कारखाना

मला घाण सहन होत नाही आणि धंदा मी कचऱ्याचा करते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमचं घर अंबडचं, मारवाडी, जैन. घरात मारवाडी बोलतो, दारात मराठी, आणि भांडायचं असलं की जी आधी तोंडात येईल ती. गाळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, चप्पल उंबऱ्याच्या आत आणायची नाही, अशा घरात मी सून म्हणून आले आणि सगळ्यांच्या वरताण निघाले. माझ्या नणंदा म्हणायच्या, भाभी झाडूसुद्धा झाडून ठेवते. नाकावर राग आणि हातात फडकं, असं माझं वर्णन कोणी केलं तर मी वाद घालणार नाही.

धंदा सुरू झाला तोही या स्वभावामुळेच. आमचं दुकान ठिबकच्या सामानाचं. शेतकरी नव्या नळ्या न्यायला यायचे आणि जुन्या आमच्या मागच्या अंगणात टाकून जायचे. त्यांच्याबरोबर खताच्या गोण्यांची आतली अस्तरं, मालाला गुंडाळलेली पातळ फिल्म, असलं काहीबाही यायचं. भंगारवाला त्यातलं बरं तेवढं उचलायचा आणि उरलेलं आमच्याच भिंतीमागे पेटवून द्यायचा. एकदा माझ्या वाळत घातलेल्या अकरा पांढऱ्या चादरींवर काळे ठिपके पडले. मी भंगारवाल्याला इतकी बोलले की तो म्हणाला, "भाभी, एवढंच वाटतं तर तुम्हीच करा की याचं काय करायचं ते." बरं, म्हटलं, करते.

माहिती काढली, शिकायला बाहेरगावी जाऊन आले, दोन वर्षं सगळ्यांशी हुज्जत घातली आणि अंकुशनगरच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड उभी केली. एका टोकाला धुवायचा हौद, मधे कापायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला दाण्याची मशीन. टाकलेलं प्लॅस्टिक धुऊन, कापून, वितळवून त्याचे मसुराएवढे दाणे करायचे, आणि ते दाणे पुन्हा पाइप आणि पिशव्या करणाऱ्यांना विकायचे. काम एवढंच. सासऱ्यांना, म्हणजे बाऊजींना, ते मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी कधी मोडता घातला नाही, पण शेडमध्ये पाऊलही टाकलं नाही. "बीनणी," ते म्हणायचे, "लोक दुकानात येऊन विचारतात, तुमची सून कचरा वेचते का?"

यंत्रं मी विकत आणली, पण धंदा मला शिकवला मावशींनी. मावशी जवळच्या बौद्ध वस्तीतल्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आमच्या नऊ बायकांतल्या मुख्य. प्लॅस्टिक म्हणजे सगळं एकच अशी माझी समजूत होती. मावशींनी पहिल्याच दिवशी एक पिशवी माझ्या कानाशी धरली आणि नखानं टिचकी मारली. "आवाज ऐका. हे मऊ बोलतंय, हे एलडी. हे करकर करतंय, एचएम. हे तडतड वाजतंय, पीपी. डोळ्यानं फसाल भाभी, कानानं न्हाई." आमच्या बायका याला निवडणं म्हणतात, ज्वारी निवडावी तसं. एकमेकींशी गप्पा मारत, रस्त्याकडे बघत त्या टिचक्या मारत राहतात आणि प्रत्येक तुकडा बरोबर आपल्या ढिगात जातो. चुकीचा एक तुकडा गेला तर दाणा खराब होतो, आणि तसा तो वर्षातून एखाद्या वेळीच जातो.

मधल्या काळात कायदा आला. कंपनीनं जेवढं प्लॅस्टिक वेष्टन म्हणून बाजारात सोडलं, तेवढं गोळा होऊन त्याचं पुन्हा काही झालं, हे त्या कंपनीनंच दाखवायचं. कंपनी काही स्वतः दुधाच्या पिशव्या धूत बसत नाही. ते काम आमच्यासारख्यांनी करायचं आणि तसा दाखला सरकारी पोर्टलवर द्यायचा. आमच्या नळ्या त्यात बसत नाहीत, पण पिशव्या, अस्तरं, फिल्म बसतात. मला वाटलं, आता आपले दिवस आले. जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस शेड बघून खूश होऊन गेला आणि जाताना म्हणाला, "सगळं उत्तम आहे, फक्त तुमची नोंदणी पाहिजे. ती नसेल तर तुमचा दाखला आमच्या उपयोगाचा नाही."

नोंदणीचा अर्ज केला. तो दोनदा परत आला, एकदा एका नकाशासाठी आणि एकदा कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. इकडे शेड रडतखडत चालली होती. बाऊजींनी एक दिवस शांतपणे सांगितलं की दिवाळीपर्यंत नोंदणी आली तर चालव, नाही तर पाडव्याला कुलूप लाव. ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. शांतपणे बोलले म्हणून मी फक्त मान हलवली. कुलूप म्हणजे मला परत दुकानाचा गल्ला आणि स्वयंपाकघर, आणि त्या नऊ जणींना परत दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपणी.

गणपती बसले त्याच आठवड्यात फोन आला. गुरुवारी अकरा वाजता तपासणीचे साहेब येतील. तिथं जे दिसेल ते लिहितील, आणि त्यावर नोंदणी द्यायची की नाही ते ठरेल.

पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्यासारखी बाई काय करणार? मी साफसफाई काढली.

सोमवारपासून मशीन बंद केली, कारण ती चालू असली की धूळ उडते. हौदातलं गढूळ पाणी सोडून दिलं, हौद घासून घेतला आणि त्यात नवं पाणी भरलं. यंत्रांवरचं काळं किटण रॉकेलनं पुसलं. भिंतींना चुना दिला. राहता राहिला कचरा. दारात गुडघाभर नळ्या, पिशव्या आणि चिखलानं भरलेली अस्तरं यांचा डोंगर होता. अंकुशनगरचा एक ट्रॅक्टरवाला आमच्या ओळखीचा. साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे त्याचा ट्रॅक्टर मोकळाच उभा होता. बुधवारी मी सगळा माल दोन ट्रॉल्यांत भरला आणि त्याच्या दारात नेऊन ठेवायला सांगितला. साहेब गेले की परत आण, म्हटलं.

ट्रॉल्या निघाल्या तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. "भाभी, साफ तर बराबर केलं," त्या म्हणाल्या, "पण मंग सायेब बघंल काय?"

"मावशी, तुम्हाला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं. हे वाक्य मी बोलले. इथं लिहून टाकते, म्हणजे पुढे मला ते विसरायची सोय राहणार नाही.

मी आणखीही एक केलं. बायकांना सांगितलं की उद्या काम नाही, चांगल्या साड्या नेसून या आणि नुसत्या एका रांगेत उभ्या राहा. आणि त्यांचे हात पाहिले. वर्षानुवर्षं निवडून निवडून बोटांच्या रेघांत काळं बसलेलं असतं, ते साबणानं जात नाही. मी म्हटलं, साहेब आले की हात जरा मागे धरा.

गुरुवारी सकाळी आमची शेड लग्नाच्या मंडपासारखी दिसत होती. दारात रांगोळी, उदबत्ती, हौदाच्या कडेला झेंडूची फुलं. बायका नटूनथटून आलेल्या. मावशींनी जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसली होती. मी स्वतःवर इतकी खूश होते की बाऊजींना फोन करून सांगितलं, शेड एकदम बघण्यासारखी झालीय, या.

"बघू," ते म्हणाले.

साहेब वेळेवर आले. किरकोळ अंगाचे, खांद्याला बॅग, बोलणं कमी. रांगोळी ओलांडून आत आले, उभे राहिले, एकदा या टोकाला बघितलं, एकदा त्या टोकाला. दाण्याच्या मशीनवर तळहात ठेवला. हौदात वाकून बघितलं. आणि मग मला म्हणाले, "मॅडम, कचरा कुठे आहे?"

मी हसून म्हणाले, "कचरा नाही साहेब. सगळं स्वच्छ केलंय."

म्हणाले आणि त्याच क्षणी मला कळलं आपण काय म्हणालो ते.

साहेबांनी बॅगेतून कागद काढला. आवाज चढवला नाही. "काही ठिकाणी असं असतं," ते म्हणाले, "शेड असते, मशीन असते, पाटी असते. काम मात्र होत नाही. दाखले कागदावरच तयार होतात. म्हणून तर आम्हाला समक्ष यावं लागतं. तुमची मशीन थंड आहे, हौदात पिण्यासारखं पाणी आहे, आणि प्लॅस्टिकचा एक तुकडा दिसत नाही. मला दिसतं तेच लिहावं लागेल, युनिट चालू अवस्थेत आढळलं नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर हात लपवून ओढवून घेतलं होतं. मी भडाभडा सांगायला लागले. ट्रॉल्या, अंकुशनगर, चुना, चादरी, सगळं. ऐकताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. माल होता पण काल बाहेर पाठवला, हे कोण खरं मानेल? मग मला राग आला, आणि राग आला की मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. म्हटलं, "साहेब, माझ्या घरी पाहुणा येणार म्हणून मी घर झाडलं. यात माझं काय चुकलं?" साहेब म्हणाले, "चुकलं काहीच नाही मॅडम. पण मी पाहुणा नाही." पेनाचं टोपण त्यांनी काढलं होतं. गल्ला, स्वयंपाकघर आणि पाडव्याचं कुलूप सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

तेवढ्यात मावशी रांगेतून पुढे आल्या. "सायेब, एक तास देता का? ट्रॉली येती. तवर चहा घ्या."

"मला पुढे आष्टीला जायचंय."

"जा की. कोण न्हाई म्हणतं? एक तास."

साहेबांनी घड्याळ बघितलं. चहा नको म्हणाले, पण खुर्चीवर बसले. मावशी माझ्याकडे वळल्या आणि माझ्याच शेडमध्ये मला हुकूम सोडला. "भाभी, फोन लावा ट्रॅक्टरवाल्याला, म्हनाव जल्दी निघ. आन मशीनचं बटन दाबा. तापायला तास लागतो, उभ्या काय राह्यल्या?"

मी बटण दाबलं. फोन लावला. ट्रॅक्टरवाला जेवायला बसला होता. त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण तो ताटावरून उठला.

आता तो तास कसा काढायचा? मावशी साहेबांसमोर खाली बसल्या. साहेबांच्या पायाशी त्यांची पाण्याची बाटली होती, बॅगेतून बिस्किटाचा पुडा डोकावत होता, मांडीवर फायलीचं पारदर्शक कव्हर होतं. मावशींनी विचारलं, "घिऊ का?" साहेबांनी मान हलवली. मावशींनी फायलीच्या कव्हरला टिचकी मारली आणि ते बघितलंही नाही, माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पीपी." मग रांगोळीची रिकामी पिशवी. "एलडी." मागच्या टपरीवरून कुणीतरी केळी आणलेली पिशवी. "एचएम. आन ही बंद हाय सायेब, लई पातळ हाय, टपरीवाल्याला सांगा." बिस्किटाचा पुडा कानाशी धरून त्यांनी परत दिला. "ह्याच्यात दोन-तीन थर हायेत. हे आमच्या मशीनीत जात न्हाई. हे करनाऱ्यांनाच विचारा त्याचं काय करायचं ते."

साहेब पहिल्यांदा जरा हसले. त्यांनी बाटली पुढे केली. मावशींनी कात्रीनं तिचा एक तुकडा कापला, टोपणही काढलं, आणि दोन्ही माझ्या त्या स्वच्छ हौदात टाकलं. टोपण तरंगलं, बाटलीचा तुकडा सरळ तळाला गेला. पाणी इतकं नितळ होतं की तळाशी गेलेला तुकडा खुर्चीवरून दिसत होता. "रोजच्या पान्यात हे दिसत न्हाई," मावशी म्हणाल्या, "आज भाभीनं फुलं वाहून ठिवलीत म्हनून दिसलं." बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्या पदर धरलेल्या हातांकडे साहेब बघत होते. मावशींच्या हातांकडेही त्यांनी बघितलं, अगदी नीट, बोटांच्या रेघांपर्यंत. कागद मांडीवरच होता, पण टोपण त्यांनी पेनाला परत लावलं.

माझं लक्ष रस्त्याकडे. तास होत आला. साहेब उठायच्या बेतात असताना लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. त्याच्या सायलेन्सरला भोक आहे, त्यावरून मी त्याला कितीदा बोललेय. त्या दिवशी मला ते भोक फार गोड वाटलं.

ट्रॉली आत घेताना त्यानं रांगोळी मोडली आणि मागचा फाळका उघडला. दुधाच्या पिशव्या, खताची अस्तरं, नळ्यांची भेंडोळी, चिखल, आंबूस वास, सगळं धबाधबा माझ्या पुसलेल्या फरशीवर ओतलं. घाण बघून जीव भांड्यात पडावा असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. मी खरोखर टाळी वाजवली.

मावशींनी पदर खोचला आणि त्या पांढऱ्या साडीत ढिगात शिरल्या. त्यांच्या मागे बाकीच्या आठही जणी. कुणी नवी साडी बघितली नाही. पाच मिनिटांत टिचक्या सुरू झाल्या, ढीग वेगळे पडले, हौदाचं पाणी चहासारखं झालं आणि झेंडूची फुलं त्यात कुठे गेली ते कळलं नाही. कापायचं यंत्र धडधडलं. मशीन तापली होती, वितळलेल्या प्लॅस्टिकच्या पहिल्या तारा बाहेर आल्या, थंड पाण्यातून जाऊन त्यांचे दाणे पडायला लागले. साहेबांनी मूठभर उचलले. गरम होते, या हातातून त्या हातात करत राहिले. फोटो काढले, विजेचा मीटर बघितला, मागच्या महिन्यांची बिलं बघितली, बायकांना एकेकीला नाव आणि काम विचारलं. मग पहिला कागद चार घड्या करून खिशात घातला आणि नवा काढला.

निघताना म्हणाले, "आता चहा चालेल." मला रडू आलं. मी ते चहाच्या वाफेवर ढकललं.

ते गेल्यावर बायका हौदावर हात धूत होत्या. मी मावशींजवळ गेले. म्हटलं, "मावशी, काल मी बोलले ते चुकलं. तुम्ही सांगत होतात तेच बरोबर होतं."

"ते जाऊ द्या," मावशी म्हणाल्या. हात झटकले, माझ्याकडे न बघता विचारलं, "एक सांगा. कचरा लपवला ते समजलं मला. आमचे हात का लपवाया सांगितले?"

उत्तर सुचलं होतं, पण ते चांगलं नव्हतं. मी म्हटलं, "लाज वाटली मावशी. कशाची ते नीट कळत नाही. पण वाटली, हे खरं."

मावशी म्हणाल्या, "खरं बोललात, बिलकुल बरं वाटलं." आणि साडीवरचा काळा डाग मला दाखवून म्हणाल्या, "ह्याचा खर्चा मात्र तुमच्याकडं." मी त्यांना नवी साडी घेऊन दिली, पांढरीच. मावशी पुढच्या जयंतीला नेसल्या मात्र डागाची. नवी म्हणे ठेवणीतली आहे.

नोंदणी आली दसऱ्याच्या आधी. फोनवर दोन ओळींचा संदेश होता. मी तो मावशींना वाचून दाखवला, मग बाकीच्यांना, मग मुद्दाम त्या ट्रॅक्टरवाल्याला. बियाण्याच्या कंपनीचा माणूस आठवड्यात येऊन बोलून गेला. घरी जाऊन बाऊजींपुढे फोन धरला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम ऐन रंगात असताना दारात रिक्षा थांबली आणि बाऊजी उतरले. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, टोपी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात कचऱ्याचा डोंगर, फरशीवर चिखल, वास. बसायला एकच जागा होती, खताच्या अस्तरांनी भरलेली एक गोणी. माझा हात आपोआप खुंटीवरच्या फडक्याकडे गेला. मावशींनी ढिगातून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी फडकं परत खुंटीला लावलं. "बसा बाऊजी," म्हटलं.

ते गोणीवर बसले. मावशींनी एक पिशवी त्यांच्या कानाशी धरून टिचकी मारली. "हे काय म्हनतंय, सांगा बरं शेठ," त्या म्हणाल्या. बाऊजींनी डोळे मिटून ऐकलं, उत्तर चुकलं, पुन्हा ऐकलं. तासभर बसले. उठले तेव्हा धोतराला मागे हाताएवढा काळा डाग पडला होता. मी सांगितलं तर म्हणाले, दिसला मला. तसेच ते दुकानात गेले आणि दिवसभर गल्ल्यावर बसले.